लोहाराचं दुकान बंद होतं तेव्हा

अठ्ठ्याण्णव साली नगरच्या तारकपूर स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. रांगेत माझ्यापुढे आमच्या कॉम्प्युटर क्लासमधली एक मुलगी होती. स्वतः बनवलेला गेम घेऊन ती मुलाखतीला निघाली होती, आणि मित्र तिला सोडायला आला होता.

“दिशा, अजूनही ऐक. तो लोहार दिवसभर दुकानातच उभा ठेव.”

“का? त्याला घर नाही?”

“अगं, गेममधला माणूस तो! काल तलवार घ्यायला गेलो, तर दुकान बंद. खेळणारा वैतागतो.”

“दुपारी कापडबाजारात दुकान बंद दिसलं, तर वैतागतोस?”

“वैतागतो की!”

“बरं, मग काल काय केलंस?”

“त्याच्या मागं मागं गेलो. त्यानं नदीवर हातपाय धुतले, घरी जाऊन म्हाताऱ्या आईला भाकरी वाढली.”

“सगळ्या गावाला मी असा दिनक्रम दिलाय.”

“म्हणूनच गेम हळू चालतो. मुलाखतीत साहेब विचारतील, कशाला हा उपद्व्याप?”

“विचारू देत. मी काढणार नाही. त्याच्या घरातून गढीची किल्ली चोरायची असते. चोरलीस?”

“नाही.”

“का? सोपं तर आहे!”

“त्याची आई जागी होती.”

“भीमराज, ती कॉम्प्युटरमधली बाई आहे!”

“असू दे. माझ्यासमोर जेवायला बसली होती ती.”

“मग दिनक्रम काढू?”

गाडी लागली. रांग पुढे सरकली.

“चढ आधी. आणि साहेबांना सांग, तलवार नंतर घ्या, पहिल्यांदा लोहाराच्या मागं जा.”