गणिताचे मास्तर अकोल्याला

वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीत मॅट्रिकला होतो. ऐन जुलैत आमच्या गणिताच्या मास्तरांची अकोल्याला बदली झाली, आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. हेडमास्तर वर पत्रं लिहीत राहिले. दिवाळी झाली तरी उत्तर नाही.

माझे वडील भातकुलीला भाजीपाला पिकवायचे. एक दिवस ते थेट हेडमास्तरांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, पोरायचं गणित काहून बंद हाय?"

"मास्तरच नाहीत, तर मी काय करू?"

"मास्तर अकोल्याले हायेत ना? मंग पोरंच तिकडं नेतो."

तेव्हापासून दर रविवारी वडील मॅट्रिकच्या आम्हा नऊ जणांना बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला न्यायचे. पहिल्या दिवशी मास्तर दारातच थबकले.

"अरे, तुम्ही इथं कसे?"

"तुमी येऊन नाही राहिले, म्हून आमी आलो," वडील म्हणाले.

मास्तरांनी ओसरीवर सतरंजी अंथरली.

आम्ही नऊही जण पास झालो. त्यानंतर वरून उत्तर आलं. हेडमास्तरांनी ते वडिलांना वाचून दाखवलं, "गणिताचा निकाल उत्तम असल्याने नव्या शिक्षकाची आवश्यकता दिसत नाही."

वडील म्हणाले, "म्हंजे पोरं नापास झाले असते, त मास्तर भेटला असता?"