विरोधाचा हात

मशीनच्या हाताचं कौतुक मला सांगू नका रं. स्कूटरवरनं पडलो, उजव्या हाताच्या नसा गेल्या. आता मोटरचा पट्टा बांधतो, ती मोटर हात सावकाश वर उचलती.

परवा वडगावात आमच्या विणकर सोसायटीची मीटिंग हुती. ठराव काय, तर हात चालत न्हाय त्याचा माग दुसऱ्याला द्यायचा. म्हंजे माझाच! चेअरमन आप्पा म्हणाले, "विरोध असंल त्यांनी हात वर करा." डावा हुताच की, पण उजवा चालतोय हेच दाखवायचं हुतं मला. हात निम्म्यात आलता, तवर आप्पा म्हणाले, "विरोध न्हाय. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा." तेवढ्यात माझा हात वर पोचला.

"बघा, ज्याचा माग जातोय त्यानंबी हात वर केलाय! एकमतानं मंजूर!"

मी ओरडलो, पण टाळ्यांत ऐकतंय कोण? आन् हात अजून वरच.