झाकणावरची तारीख

गॅरेजच्या बाकावर पंक्चर निघायची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेने पेपर उघडला होता खरा, पण तिचे कान समोरच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हपाशी होते. तिथे गुरांची डॉक्टरीण, तिचा मुलगा आणि मेकॅनिक उभे होते.

"इंजिनाचा टायमिंग बेल्ट दिसायला तर चांगला आहे, डॉक्टरीणबाई."

"दिसण्यावर जाऊ नका. बेल्टच्या झाकणावर बदलायची तारीख कुठली लिहिलीय?"

"गेल्या महिन्याची."

"मग बदला. चढावर तुटला तर अडलेली गाय माझ्यासाठी थांबायची नाही."

"आई, सेकंडहँड घेतलीस तेव्हाच म्हातारी होती ही. विकून टाक. बहात्तराव्या वर्षी डोंगर कसले चढतेस?"

"माझा गुडघा बदलला, तेव्हा मला नाही विकायला काढलंस ते."

"क्लच तरी झेपतो का तुला?"

"जड लागतोय, म्हणून तोही बदलायचाय. पाय आखडेपर्यंत कोण थांबतंय."

"लोक मला काय म्हणतील?"

"म्हणतील, आईला डोंगरात गाडी घालता येते, पोराला येत नाही."

मेकॅनिक उगाच खोकला.

"नव्या बेल्टची तारीख पाच वर्षांनंतरची येते, डॉक्टरीणबाई. लिहू?"

"लिहा की. आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा, तोवर माझी नजर अधू झालेली असेल."