दोरीवरचा दुसरा फ्रॉक

मंडळी, कामावरून तसेच धावत आलात, बसा. पीटर, तूही बस. पीटरला मराठी येत नाही, पण त्याच्या आईबद्दल मी इंग्रजीत बोलले तर ऑफिसातल्यासारखं वाटेल. वॉर्डात पेशंटशी दिवसभर बोलते मी, आज आपल्या गेलेल्या आजीबद्दल बोलायचंय.

हेनी आजी. इथे दोह्यात, आमच्या बिन महमूद भागातल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर लेकाकडे राहायची. हॉलंडची बाई, पण माझ्या पोरांची आजीच. संध्याकाळी दार वाजायचं आणि बाहेरूनच आवाज, "यल्ला, चल चल, रोझी, चहा!" आल्याचा चहा, त्यात बिस्किट बुडवून. ते बुडवणं तिला माझ्या धाकटीने शिकवलं. असा हक्काने चहा आता कोण मागणार मला?

नव्याण्णव साली आम्ही वसईहून आलो, तेव्हा बिल्डिंगमध्ये एकच चर्चा. आजी कपडे घरात वाळवते. दोह्यात! जिथे चादरीचा पाच मिनिटांत पापड होतो! किती हसायचो आम्ही बायका. सावंत वहिनी, तुम्ही म्हणायचात ना, "गोरी माणसं उन्हाला घाबरतात, हिचे तर कपडेसुद्धा घाबरतात."

एकदा आजी तापाने पडली. पीटर साइटवर. मी तिचे कपडे धुतले आणि आपल्या सवयीने गच्चीवर वाळत घालून आले. मोठ्या तोऱ्यात सांगितलं तिला. तर ती तापातली उठून बसली. "काढ, रोझी. आत्ताच्या आत्ता काढ." मी धावत जाऊन काढून आणले. मग तिने सांगितलं.

ती आठ वर्षांची होती. युद्ध चालू होतं. ज्यू माणसांना घराघरातून शोधून नेत होते. आजीच्या आईवडिलांनी एका ज्यू मुलीला माळ्यावर लपवलं होतं. एस्तर तिचं नाव, वय चार. वडील सुतार, आई लोकांचे कपडे शिवायची. साधी माणसं हो, तुमच्याआमच्यासारखी. एस्तर सापडली असती तर सगळं घर गेलं असतं. म्हणून आईचा नियम होता, एस्तरचा कपडा बाहेर वाळत घालायचा नाही. घरात कोण कोण आहे, ते दोरी सांगते.

एस्तरचा फ्रॉक कायम दमट. कुबट वास यायचा त्याला. आजीला फार वाईट वाटायचं. एका उन्हाच्या दिवशी तिने तो इवलासा फ्रॉक गुपचूप आपल्या फ्रॉकशेजारी टाकला. एकुलती एक मुलगी असलेल्या घरात!

थोड्या वेळाने शेजारीण मागच्या दाराने आली. एप्रनखालून फ्रॉक काढून आईच्या हातात दिला. म्हणाली, "वाऱ्याने माझ्या अंगणात आला." मंडळी, वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. ती बाई युद्ध संपेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ना आजीच्या घरच्यांशी, ना कुणाशी. आणि एस्तर जगली.

मी विचारलं, "आईने मारलं का गं तुला?" आजी म्हणाली, "नाही. फ्रॉक हातात घेऊन खुर्चीत बसली. नुसती बसली. ते बसणं मला अजून दिसतं."

मी म्हटलं, "आजी, खलास झालं ते. आता इथे कोण बघतंय तुझी दोरी?" तर डोळे पुसून म्हणते, "तुझ्या सावंत वहिनी!" अशी होती आमची आजी.

काल पीटरने तिचे कपडे माझ्याकडे दिले. कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणाला. मी धुतले. आणि ओली बादली घेऊन जिन्यात उभी राहिले, कितीतरी वेळ. घरात घालू की वर? शेवटी वर गेले. भरदुपारी, सगळे कपडे, एकेक करून, लख्ख उन्हात. आजी, रागावू नकोस गं. तुला एकदा तरी ऊन लागू दे असं वाटलं.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आजीसाठी. तिच्या आईवडिलांसाठी. आणि त्या शेजारणीसाठी, जिने पाहिलं, आणि जी गप्प राहिली.