उपास तिचा, चक्कर हिला

“उपास असला तरी घरच्यांचा स्वयंपाक नीट कर, चव तेवढी बघू नकोस,” असं सासूबाई मला सांगायच्या. परवा सोमवारी सोलापुरात दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी कॉलेजच्या दोन मुली होत्या, एकीच्या हातात रक्ताचा रिपोर्ट.

“उत्कर्षा, तुझं रक्त कमी कसं काय गं? उपास तर मी करते!”

“उपास तू करतीस चेतना, पण खिचडी मीपण खाते की.”

“तुला कोण खा म्हणलं?”

“खोलीत शेगडी एक. कॉलेजला पळायच्या घाईत दुसरं कधी करू? तुझे सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी. मी साबुदाण्यावरच जगतीय.”

“मग सोडू का मी उपास?”

“नको. वडलांसाठी धरलायस ना?”

“मग डाळ-भाजी कशी करायची? उपासाच्या हातानं कांदा-लसूण?”

“मला काय कळंना बाई. परत चक्कर आली तर आई मला गावी माढ्याला घेऊन जाईल. कॉलेज बंद.”

“हिच्या जेवणाचं मी बघते, असा शब्द मीच दिलाय तुझ्या आईला.”

“व्हय, लई छान बघितलंस.”

चेतना माझ्याकडे वळली.

“काकू, आपला उपास असताना दुसऱ्यासाठी भाजी-भाकरी केली तर चालतं का?”

“चालतं की. मी आत्ता करूनच आले. फक्त चव बघायची नाही.”

“मग मीठ कसं कळणार?”

“जेवणारी सांगेल.”

रिपोर्ट उत्कर्षाच्या हातात देऊन, पिशवी उचलून चेतना दवाखान्यासमोरच्या मेथीवालीकडे गेली.