आमदार गेले की आत घेतील

आमदारांकडे शब्द टाक म्हणता, पण त्यांची माझी ओळख कशी झाली ते आधी ऐका.

वडवणीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो. बाळंतिणींना खाटा पुरत नव्हत्या, एका खाटेवर दोघी असायच्या. नवा वॉर्ड मागायचा म्हणून आमदारांना बोलावलं. ते येणार म्हटल्यावर मात्र मलाच लाज वाटली. जास्तीच्या बायकांना मागच्या पडवीत बसवलं आणि आत नव्या चादरी घातल्या.

आमदार वॉर्ड बघून खूश झाले. "डॉक्टर, लई झकास ठेवलंय," म्हणाले. आता नवा वॉर्ड मागायचा कुठल्या तोंडानं? तेवढ्यात ते हात धुवायला मागच्या दारानं बाहेर पडले. मी धावत मागं गेलो.

पडवीत एक बाई लेकरू पदराखाली घेऊन सतरंजीवर बसली होती.

"ताई, इथं काहून बसलात?" त्यांनी विचारलं.

ती त्यांना ओळखत नव्हती. "कुणी आमदार येणार हायेत म्हणं. ते गेले की आत घेतील."

आमदारांनी माझ्याकडं बघितलं. मला मान वर करता येईना.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "मी निघतो. यांना आत घ्या."