भावजयीच्या वहीतले चष्मे

नाही गं, रागावले नाहीये, बस — तुझ्यावर कशाला रागवू, तुला पाठवलंय म्हणून तू आलीस. त्यांना स्वतःला यायला तोंड नव्हतं, एवढंच. धाकट्याचा फोन आला, "ताई, आता पियानोला बसणारी ती मुलगी येईल, तिला तुझ्या स्वरलिपीच्या वह्या दे, तुझ्या खुणा तिला उपयोगी पडतील." खुणा म्हणे! चौतीस वर्षं आम्ही तिघं वाजवतोय — मी पियानो, माझा धाकटा भाऊ व्हायोलिन, त्याची बायको चेलो — आणि तिला घरात आणलं कोणी? मीच. लग्न मी जमवलं. म्हटलं, बरी वाजवते, घरातच राहिली म्हणजे तालमीला उशीर तरी नाही करणार.

तुला काय सांगितलं त्यांनी? ताई दमली, ताईनं आपणहून सोडलं — तेच ना? वाटलंच. दमले नाही मी, का सोडलं ते ऐक. आमच्या तिघांच्या वह्यांना एकसारखी हिरवी कव्हरं, मीच घातलेली. मागच्या कार्यक्रमानंतर आवराआवरीत भावजयीची वही माझ्या पिशवीत आली. तुला माहीतच आहे, पियानोच्या वहीत तिघांच्याही ओळी छापलेल्या असतात, त्यांच्या वहीत फक्त ज्याची त्याची. त्यामुळे तिच्या वहीत डोकवायचं मला कधी कारणच पडलं नाही. घरी येऊन उघडली तर पानोपानी चष्मे. पेन्सिलीनं काढलेले — दोन गोल नि मध्ये दांडी. आमच्यात चष्मा काढला की अर्थ एकच, इथे मान वर कर आणि दुसऱ्याकडे बघ. आधी हसूच आलं मला, म्हटलं हिला एवढं काय बघायचं असतं? मग नीट बघते तर एकूणएक चष्मा माझ्या अवघड जागेवर. आणि शेवटच्या भागात धाकट्याचं अक्षर — कोंबडीचे पाय, लहानपणापासून तसंच — "ताई इथे एक ओळ गाळते. पुढे गाठू." खाली तारीख. चार वर्षांपूर्वीची.

चार वर्षं! ओळ मी गाळते आणि ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक. कार्यक्रम संपला की हीच भावजय गळ्यात पडायची, "वन्सं, आज काय हात चालला तुमचा!" — आणि मी शेफारायचे. तसं गाळतही असेन, नाही कुठे म्हणतेय — करंगळी वाकत नाही हल्ली सकाळची, दुपारपर्यंत सुद्धा नाही कधी कधी — पण तोंडावर सांगा ना! तो लहान असताना चुकला की मी त्याच्या बोटांवर पट्टी मारायचे. समोर बसवून मारायचे, पाठ फिरल्यावर नाही.

बरं, तू कधीपासून जातेस त्यांच्याकडे? — खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही, कान लाल झाले बघ. आठ महिने? — आणि कुठल्या वारी? मंगळवारी. मंगळवारी! अगं, मंगळवारी त्याचे दात दुखायचे. दर मंगळवारी दातांचा डॉक्टर, म्हणून तालीम बंद. मी लवंगेचं तेल पाठवलं त्याला. दोनदा! आठ महिने दुखायला दात आहेत की डोंगर, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

घे, या वह्या. उघड की. — कोऱ्या, हो. खुणा मी पुसल्या. कुठलं बोट कुठे, श्वास कुठे, कुठे पुढे व्हायचं, कुठे मागे राहायचं, सगळं. चार दिवस लागले, दोन खोडरबर झिजले. त्यांना म्हणावं, वह्या मागितल्यात, वह्या दिल्या.

काय? कुठलं पान? — ते राहिलं असेल चुकून. — बरं, चुकून नाही. "थांब" असंच लिहिलंय ते, माझंच अक्षर. भावजयीसाठी. एका मोठ्या आजारातून उठली, तेव्हापासून तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मंदावलीत. इथे तिला एकदम वरच्या स्वरावर जायचं असतं, ती उशिरा पोचते. मग मी आधीच्या ओळीत जरा रेंगाळते, पायाखालचं पेडल दाबून सूर लांबवते — ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाव आहे! कोणाला कळलेलं नाही. तिलासुद्धा नाही. एकोणीस वर्षं. — सांगायचं कशाला? सांगितलं असतं तर तिनं पुन्हा चेलोला हात लावला नसता. तिला वाटतं, आपण पूर्ण बऱ्या झालो. वाटू दे की, कोणाचं काय —

तशी बघू नकोस माझ्याकडे. ते वेगळं. ते मी —

दे ती वही इकडे. नाही पुसत, दे. पेन्सिल कुठे गेली — हां. गडद करते, नाहीतर तुला स्टेजवरच्या उजेडात दिसायचं नाही. हे बघ, इथून रेंगाळायचं ते इथपर्यंत. आणि तिच्याकडे बघायचं नाही, मान खालीच. तिला कळता कामा नये. — जा आता. दार ओढून घे.